चोचीपुरती फट

४ मार्च

ताई,

तू माझा नंबरच ब्लॉक करून टाकलायस, हे कळायला मला आठवडा लागला. मी आपली वेडी, तुझा फोन बिघडला असेल म्हणून काळजी करत बसले. म्हणून आता हे पत्र, आणि तेही शाळेच्या पत्त्यावर. घरी पाठवलं तर दाजींच्या हातात पडायचं. ते फोडणार नाहीत, पण "कुणाचं गं?" असं विचारतील, आणि खोटं बोलताना तू कानाची पाळी चोळतेस. लहानपणापासून त्याच पाळीमुळे आपण दोघी पकडल्या जातोय.

तू रागावलीस ते समजू शकते. अभयारण्यातून नवा रस्ता जाणार, त्याचं खोदाईचं काम तुझ्या नवऱ्याला मिळालं, आणि त्या रस्त्याच्या आखणीत कोणकोणते प्राणीपक्षी येतात हे बघायचं काम तुझ्या बहिणीला. नशिबानं चांगली थट्टा केली आपली. पण मी ते काम मागून घेतलं नव्हतं, ताई. आलं, केलं. आणि करताना धनेशाचं घरटं सापडलं, त्याला मी काय करू? डोळे मिटून पुढे जाऊ?

तुला धनेश माहीत नसेल. तू जंगलात येतेस कुठे, तुला झुरळाची भीती. मोठी पिवळी चोच असलेला, घारीपेक्षा मोठा पक्षी. मादी म्हाताऱ्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून स्वतःच दार लिंपून घेते. कुणी कोंडत नाही तिला. फक्त चोचीपुरती फट ठेवते. आत बसून अंगावरची पिसंसुद्धा गाळते, म्हणजे उडायचीही सोय नाही. मग नर रोज फळं आणून त्या फटीतून तिला भरवतो. पिल्लू मोठं होईपर्यंत दोघांचं पोट त्या एकट्याच्या जिवावर.

बावीस तारखेला सगळ्या खात्यांची एकत्र पाहणी आहे. त्या दिवशी ढोलीत जीव दिसला, तर रस्ता खालच्या आखणीनं, जंगलाला वळसा घालून जाणार. ढोली रिकामी असली, किंवा झाडच नसलं, तर सरळ जंगलातून. एवढंच आहे सगळं.

आता मुद्दा. दाजींच्या माणसांत पांढऱ्या हेल्मेटचा, उजव्या हाताला पट्टी बांधलेला कुणी मोटारसायकलवाला आहे का? तो मला सारखा दिसतो. दुकानात, पंपावर, आमच्या वनखात्याच्या कचेरीबाहेर. योगायोगही असेल. मी घाबरलेली नाही, उगाच आपलं विचारलं. घरमालकीणबाई म्हणतात, या वयात कुणी मागे लागत असेल तर आनंद मान. त्यांना काय जातंय बोलायला!

एका ओळीत उत्तर दे. रागात दे, पण दे.

तुझी,
धाकटी


१० मार्च

ताई,

उत्तर नाही. ठीक आहे. तू गणिताची बाई, उत्तर येईपर्यंत पोरांना वर्गात उभं करतेस, तसंच मला केलंस.

आनंदाची बातमी आधी सांगते. माझा नकाशा मंजूर झाला. कचेरीत लोकांना बघायला मोठा करून लावलाय. घरट्याभोवती मी वर्तुळ काढलंय, त्याच्या आत कुणी यंत्र न्यायचं नाही, झाडाला हात लावायचा नाही, भोंगा वाजवायचा नाही. मोठे साहेब म्हणाले, असं स्वच्छ काम बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं. तू पाहिलं असतंस तर वर्तुळाला दहापैकी दहा दिले असतेस. तू मला कधीच दिले नाहीस ते सोड.

बाकी, गाडीचं चाक पंक्चर झालं. खिळा असेल.

नाही, थांब. तुला खोटं लिहून काय मिळणार आहे मला? चारही चाकं फाडली होती, ताई. सकाळी डबा घेऊन खाली उतरले तर गाडी पोट टेकून बसली होती. रबरावर सरळ चीर, आपण कापड फाडतो तशी. पोलिसांत गेले. त्यांनी 'अज्ञात इसम' लिहून घेतलं आणि मलाच विचारलं, बाई, तुमचं कुणाशी वाकडं आहे का? मी काय सांगू? माझ्या सख्ख्या बहिणीच्या घराशी आहे म्हणू? नाही म्हणाले.

घरमालकीणबाई आता थट्टा करत नाहीत. काल चहा घेऊन आल्या आणि कपाकडे बघत म्हणाल्या, दुसरीकडे कुठं सोय होतेय का बघ, माझी नातवंडं येतात इथं. त्यांच्यावर कशी चिडू? मी कचेरीच्या विश्रामगृहात राहायला आलेय. तुला वाटेल, कामाला जवळ म्हणून. तसंच समज.

इथली कडी सैल आहे. दाराला खुर्ची लावून झोपते. दाराबाहेर साधं पाऊल वाजलं की उठून खुर्ची धरून बसावं लागतं. मला, ताई! मला, जी अस्वलाच्या पायाच्या ठशात पाय घालून फोटो काढते!

हेल्मेटवाल्याचं विचारलंस का?

धाकटी


१४ मार्च

ताई,

माझ्या हातून मोठी चूक झालीय. तुलाच कळेल किती मोठी, म्हणून तुलाच लिहितेय.

आज कचेरीत गेले तर नकाशासमोर एक माणूस उभा होता. पांढरं हेल्मेट काखेत, हाताला पट्टी. जवळून बघितला तर अगदी साधा दिसतो गं, मुलाच्या शाळेचा दाखला घ्यायला आलेल्या बापासारखा. त्यानं बोटानं माझं वर्तुळ गिरवलं. सावकाश, पूर्ण. मग तेच बोट उचललं आणि बरोबर मधोमध टेकवलं. बोटासकट फोटो काढला. वळून मला म्हणाला, "झाड शोधायला लई फिरलो मॅडम. तुम्ही काम सोपं केलंत."

आणि गेला. मी तिथंच पाण्याच्या पिंपाला धरून उभी.

समजलं ना? वर्तुळ काढलं की मध्य आपोआप आला! घरटं कुठंय हे मी कुणाला म्हणून सांगितलं नव्हतं, साहेबांनासुद्धा नुसतं 'ओढ्याच्या बाजूला' म्हणून सांगितलं होतं. आणि मग स्वतःच्या हातानं, नीटनेटकं, कंपासनं, त्या झाडावर बोट ठेवून दिलं. राखायला काढलेली रेघ. इतकी वर्षं आम्ही सगळे अशीच काढत आलो, कुणाच्या डोक्यात आलं नाही. साहेबांकडे धावले. ते म्हणाले, "अरेच्चा! पुढच्या वेळी वाकडंतिकडं काढू." पुढच्या वेळी! नकाशा उतरवलाय आता, पण बैल गेला आणि झोपा केला.

तशीच झाडाकडे गेले. तिथल्या वनरक्षकाला कालच प्रशिक्षणाला पाठवलंय, कुठं ते कुणाला ठाऊक नाही. चौकीला कुलूप. झाडाच्या बुंध्यावर कुऱ्हाडीची ताजी खाच होती, हाताच्या पंजाएवढी. चीक अजून ओला होता. खाच घालून सोडून दिलंय. मला दाखवायला.

वर फटीतून चोचीचं टोक दिसत होतं. ती वाट बघत होती. नर येईना. मी झुडपात बसून राहिले आणि मनात एकच, ये रे बाबा, ये. उन्हं उतरली तरी आला नाही. मला अंधाराआधी निघायचं होतं, कारण मला भीती वाटत होती. तिला सोडून मी निघून आले, ताई. ती कुठं निघून जाणार?

तू हे वाचत तरी आहेस का?


१८ मार्च

ताई,

नर जिवंत आहे. एका पंखाची दोन पिसं तुटलीत, उडताना कलतो, पण येतो. छर्रा लागला असावा. हे आधी लिहिते, कारण पुढचं वाचल्यावर तुझं इकडे लक्ष राहणार नाही.

काल दाजी आले होते. विश्रामगृहावर, भरदिवसा, हातात फळांची पिशवी. "मेव्हणीबाई, वाळलात हो!" खुर्ची ओढून बसले. ज्या खुर्चीनं मी दार अडवते, त्याच.

मी चहा टाकला. दुसरं काय करणार? हात कुठंतरी गुंतवायचे होते.

"मी काही वाईट माणूस नाही," ते म्हणाले.

"मी कुठं म्हणाले?"

"एका पाखरासाठी एवढं? ते दुसरीकडे घर करेल की."

"पुढच्या वर्षी करेल दाजी. आत्ता ती बाहेर पडू शकत नाही. उडायची पिसं नाहीत तिला."

"मग मी तरी कुठं बाहेर पडू शकतोय?" आणि ताई, हे बोलताना ते हसत नव्हते. "यंत्रं आणून उभी केलीत. माणसं आणलीत. खालची आखणी झाली तर ते काम दुसऱ्याला जाणार. घर तुझ्या बहिणीच्या नावावर आहे, दुसरंच काही सांगून तिची सही घेतली आणि ते गहाण टाकलंय. तिला माहीत नाही. सांगू नकोस."

मला खरंच कणव आली त्यांची. तेवढ्यात उठले, चप्पल घातली आणि दारातून म्हणाले, "झाडं काय, वाऱ्यानंही पडतात. माणसंही पडतात, ओढ्याच्या दगडांवरून. जपून जा. आणि शाळेच्या पत्त्यावर पत्रं कशाला पाठवतेस? घरी पाठव. शाळेची नवी इमारत मीच बांधलीय, शिपाई माझ्या हातचा आहे."

माझ्या हातातला कप फुटला नाही. मीच त्याला घट्ट धरून उभी राहिले होते.

म्हणजे तुला माझी पत्रं मिळालीच नाहीत? की मिळाली, आधी त्यांनी वाचली आणि मग तू? की तूच दाखवलीस? नाही, तू नाही दाखवणार. दाखवशील का? बघ, माझी काय अवस्था झालीय, तुझ्यावर संशय घेतेय. लहानपणी माझ्या सगळ्या चोऱ्या तू स्वतःच्या अंगावर घेतल्यास.

दाजी, तुम्ही हे वाचत असाल तर ऐका. घराचं मी ताईला सांगितलं, हे बघा, वरच लिहिलंय. आता पाकीट तिच्यापर्यंत पोचू द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. आणि हो, फळं मी खाल्ली नाहीत. ओढ्यावर ठेवून आले, नराला.

ताई, साहेबांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, रजा घे, पाहणीला दुसरं कुणी दाखवेल. दुसऱ्या कुणाला ते झाड माहीत नाही, हे मी बोलले नाही, कारण आता ते कुणालाही माहीत आहे. बावीसला मी जाणार. जाववणार नाही, पण जाणार.


२२ मार्च, संध्याकाळ

ताई,

जे झालं ते तुझ्या डोळ्यांसमोरच झालं. पण तू माझ्याकडे एकदाही नीट बघितलं नाहीस, म्हणून माझ्या बाजूनं लिहिते.

पाहणीवाले दहाला येणार होते. मी उजाडल्यावर निघाले. ओढ्याशी पोचले आणि करवतीचं यंत्र सुरू झाल्याचा आवाज आला. मी खडकामागे मटकन बसले आणि तोंडात ओढणीचा बोळा कोंबला. सगळ्या जगाला सांगत फिरले, झाड वाचवायचं, झाड वाचवायचं; आणि वेळ आली तेव्हा मी दगडामागे. धावत जावं, ओरडावं, काहीतरी करावं. नाही उठवलं. मी फक्त झाड पडल्याचा आवाज यायची वाट बघत होते.

तो आलाच नाही. यंत्र बंद पडलं. परत सुरू, परत बंद. आणि मग कुणीतरी रडकुंडीला येऊन म्हणालं, "वहिनी, उठा ना हो!"

मी डोकं वर काढलं.

झाडाला पाठ लावून तू बसली होतीस. घडीच्या स्टुलावर. मांडीवर वह्यांचा गठ्ठा, हातात लाल पेन. समोर करवत घेतलेली माणसं, पांढऱ्या हेल्मेटवाला पुढे. तू वर न बघता म्हणालीस, "नववीच्या वह्या आहेत. तपासून झाल्या की उठते."

"वहिनी, शेठना काय सांगू?"

"सांग, बायको झाडाखाली बसलीय. नाव नको सांगूस, एकच आहे त्यांना."

अगं, मी खडकामागे रडत रडत हसले! तुझ्या चपलेवरून मुंगळा चढत होता, तुझा पाय कापत होता, मला तिथूनही दिसत होतं. पण तू उठली नाहीस.

तेव्हा कुठं मी उठले. उशिरा. तुझ्याशेजारी येऊन उभी राहिले. तू म्हणालीस, "सावली अडवू नकोस," आणि पुढची वही उघडलीस.

मग दाजींची गाडी आली, आणि तिच्या मागोमाग पाहणीवाल्यांच्या गाड्या. एवढ्या लोकांसमोर ते काय बोलणार? करवती गाडीत गेल्या. सगळ्यांच्या माना वर. आता फक्त नरानं यायचं होतं, आणि तो येईना. अधिकारी घड्याळ बघायला लागले. एकजण म्हणाला, सोडून गेलेलं दिसतंय घरटं. मला वाटलं संपलं. आणि वर चादर झटकल्यासारखा आवाज झाला. एका अंगावर कलत तो आला, फांदीला धरलं, आणि फटीतून ती चोच बाहेर आली. एक फळ. दुसरं. तिसरं. अधिकाऱ्यांनी टोप्या काढल्या, देवळात चपला काढतात तशा. खालची आखणी, तिथंच लिहिलं गेलं.

मी तुला विचारलं, "झाड तुला कुणी सांगितलं?" मी कुठल्याच पत्रात लिहिलं नव्हतं.

"वर्तुळ तूच काढलंस ना? कचेरीत जाऊन बघितलं, उतरवायच्या आत. दोन जीवा, दोन लंबदुभाजक. आठवीचं गणित." आणि मग हळूच, "पत्रं मिळाली. सगळी. फोडलेली."

दाजी चारचौघांत हसून म्हणाले, "चला, घरी." तू वह्या गोळा केल्यास, स्टूल मिटलंस आणि गाडीत बसलीस. काच वर गेली. तू कानाची पाळी चोळत होतीस. कुणाशीही न बोलता, नुसतीच.

हे शाळेत टाकतेय. आता लपवण्यासारखं काय राहिलंय? पोचल्याचं कळव.


२७ मार्च

ताई,

पोचल्याचं कळलं नाही.

शाळेत फोन केला, "बाई रजेवर आहेत." कधीपर्यंत? "ते सरांनी सांगितलं नाही." कुठले सर? "बाईंचे मिस्टर." तुझी रजा तुझा नवरा टाकतो, हे कधीपासून? तू तापात फणफणत परीक्षा घेतलेली बाई.

घरावरून दोनदा गेले. पडदे ओढलेले. गच्चीवर कपडे नाहीत. बाहेरच्या दाराला कुलूप, पण स्वयंपाकघराचा पंखा फिरत होता.

आता मला माझी भीती वाटत नाही, हे खरं नाही, वाटते. पण तुझ्या भीतीपुढे ती बारकी झालीय. सारखं एकच डोक्यात येतं. धनेशीण स्वतः दार लिंपते, म्हणून मी कधी तिच्या ढोलीला हात लावला नाही, तिची मर्जी. तुझं दार कुणी लावलंय? तू की बाहेरून? तू लावलं असशील, माझ्यावर चिडून, घर गेलं म्हणून, तर तसं सांग. मी जाईन. शपथ. पण सांगायचं तू, दुसऱ्या कुणी नाही.

पोलिसांत जाऊन आलेय. या वेळी 'अज्ञात इसम' लिहू दिलं नाही, नाव सांगितलं. ते म्हणाले, घरगुती मामला आहे, बघू, माणूस पाठवतो. कधी ते बोलले नाहीत.

म्हणून हे पत्र पोस्टात टाकत नाहीये. तुझ्या मागच्या दाराखाली फट आहे, तिथून सरकवतेय. मी बाहेर पायरीवर बसलेय. तपासायला वह्या नाहीत माझ्याकडे, रिकामटेकडीच बसणार. तू काहीतरी बोलेपर्यंत उठणार नाही. बोलता येत नसेल तर फटीतून बोटं बाहेर काढ, पेनचं टोक काढ, काहीही. मी इथं आहे.

फाटकाशी गाडी थांबल्याचा आवाज आला आत्ता. दाजींचीच आहे, ब्रेक ओळखते मी. ताई, मला खूप भीती वाटतेय. पाय कापताहेत. पण मी बसलेलीच आहे.